चुरमुऱ्यांखालची बोरं

माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच फ्रीजवर, माझ्या सुनेनं एक कागद चिकटवला होता. बाळाच्या हातात खायला काय द्यायचं आणि काय नाही, याचा. वर निळ्या शाईत 'चालेल', खाली लाल शाईत 'अजिबात नाही'. निळ्यात उकडलेलं गाजर, रताळं, मऊ इडलीचे बोटभर लांब तुकडे, पिकलेलं केळं. लालात अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, फुटाणे, कच्चं गाजर, सफरचंदाची फोड, बी असलेलं कुठलंही फळ. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: 'बसवूनच द्यायचं. नजर हलवायची नाही.'

बत्तीस वर्षं मी मराठी शाळेत शिकवलं. लाल शाई वापरायची ती मी. आता या वयात दूध काढायला फ्रीज उघडला की आधी लाल शाईतल्या सूचना वाचायच्या! तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्हणायचे, 'अगं, तुझा नवरा काय हवेवर वाढला का? त्यालाही आम्हीच भरवलंय.' ती हसायची आणि म्हणायची, 'हो ना आई.' वाद घालायची नाही. वाद घालणारी सून एक वेळ परवडते.

ती पुण्याची. मुलगा आणि ती एकाच कंपनीत, राहायला हैदराबादच्या पार दुसऱ्या टोकाला, बाविसाव्या मजल्यावर. आम्ही दोघं म्हातारे बरकतपुऱ्यात, तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. दिवाळीनंतर ती बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली तेव्हा तो आठ महिन्यांचा होता. घरून काम करायची तिची सवलत जानेवारीअखेर संपणार होती. मग बाळ कुठे राहणार? ऑफिसजवळच्या पाळणाघरात, की माझ्याकडे? माझ्याकडे राहणार असेल तर ते दोघं आपला फ्लॅट भाड्यानं देऊन इकडेच येणार होते. 'संक्रांतीपर्यंत बघू, आई,' ती म्हणाली होती. बघू म्हणजे काय ते मला चांगलं कळत होतं. ती माझी परीक्षा होती आणि अभ्यासक्रम फ्रीजवर लावलेला होता.

मला बाळ हवा होता. स्पष्टच सांगते, उगीच आढेवेढे कशाला? निवृत्त झाल्यापासून घर खायला उठत होतं. आमचे हे सकाळी पेपर उघडतात ते दुपारीच मिटतात. आणि दुसरं म्हणजे, आमचं घराणं चार पिढ्या हैदराबादेत सरकारी नोकरीत. चारही पिढ्यांत घरात मराठी टिकली, पण माझ्या मुलाची मराठी घरात बोलण्यापुरती उरली. शिक्षिकेच्या मुलाची! ती चूक मला नातवाच्या वेळी सुधारायची होती. तो माझ्या मांडीवर बसून चिऊ-काऊचा घास खाईल, माझ्या तोंडचे शब्द उचलेल, असं मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं.

पण चिऊ-काऊचा घास मुळात या बाईला मान्यच नव्हता. भरवायचं नाही, म्हणे. त्याच्यापुढे ठेवायचं, तो स्वतः उचलेल. मग तो उंच खुर्चीत बसणार, समोर गाजराचे, रताळ्याचे तुकडे, आणि निम्मं फरशीवर, निम्मं कानात. प्रत्येक तुकडा ती आधी स्वतःच्या अंगठ्यात आणि बोटात दाबून बघायची. चिरडला तरच त्याला द्यायचा. एकदा मी जामची फोड दिली, आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, तर तिनं ती त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाली, 'आई, याच्या बिया आणि कडकपणा, दोन्ही नकोत.' हळूच घेतली, पण घेतली.

एके दिवशी गाजर खाताना त्याला उबळ आली. चेहरा लालबुंद, जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी. मी धावले. तिनं माझं मनगट धरलं. माझं! कामवाली बाई भांडी घासता घासता बघत होती. 'थांबा आई. आवाज येतोय ना? खोकतोय ना? मग त्याचं तो काढेल.' आणि खरंच, दोन-चार वेळा ओकारी काढल्यासारखं करून त्यानं गाजर बाहेर टाकलं, पुन्हा तेच उचलून तोंडात घातलं. 'आवाज येतोय तोवर घाबरायचं नाही,' सून म्हणाली. 'गप्प झाला की घाबरायचं.' मी मनगट चोळत राहिले. दुखत नव्हतं, पण चोळलं.

त्या संध्याकाळी तिनं मला आणि यांना सोफ्यावर बसवून शिकवणी घेतली. बाळाचा कापडी हत्ती तिनं हातावर पालथा घेतला, डोकं खाली, तळहातानं जबडा धरलेला, आणि दोन खांद्यांच्या मधे पाच फटके मारून दाखवले. 'आणि तोंडात बोट घालायचं नाही, आई. दिसत नसेल तर मुळीच नाही. आत ढकललं जातं.' मग हत्ती माझ्या हातात दिला. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हटलं, 'हा घ्या, आमच्या वेळचा इलाज!' हे खो खो हसले. मीही हसले. ती हसली नाही. म्हणाली, 'आई, एकदा नीट करून बघा ना.' मी म्हटलं, 'हौ, बघू गं, पोळ्या पडल्यात.'

पोळ्या पडल्या नव्हत्या. कणीकही भिजवली नव्हती.

संक्रांत आली तशी मी बोरन्हाणाचा विषय काढला. पहिल्या वर्षाच्या बाळाचं बोरन्हाण करायचं, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा ओतायच्या, आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचं. एवढं साधं, हौसेचं. सून म्हणाली, 'करू की! पण बोरं नकोत आई. उसाचे तुकडे, शेंगा, तेही नको. सगळं त्याच्या तोंडात जाईल. चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या घेऊ. मुलांना खाऊ वेगळा पिशवीत देऊ.'

बोरांशिवाय बोरन्हाण. मी म्हटलं, 'ठीक आहे.' परीक्षा चालू होती ना.

आणि तसंच राहिलं असतं. पण भोगीच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंनी बोलावलं. त्यांच्यातही हाच प्रकार असतो, भोगी पळ्ळु म्हणतात, भोगीलाच करतात. त्यांची नात दीड वर्षाची, रेशमी परकर-पोलक्यात बसवलेली. तिच्या डोक्यावरून त्यांनी ताटभर बोरं ओतली. पिवळी, तांबूस, खरीखुरी बोरं, टपाटप सगळ्या फरशीवर. तिची आई, तीही कंपनीत नोकरी करणारीच, टाळ्या वाजवत होती. बाईंनी मला विचारलं, 'आप का कब है? हमारे जैसाच करते ना आप लोगां?' मी म्हटलं, 'हौ, बिलकुल ऐसाच.'

जिना उतरताना मी यांना म्हटलं, 'यांच्या नातीवर ताटभर बोरं, आणि आपल्या नातवावर भेळेचे चुरमुरे!' हे म्हणाले, 'जाऊ दे ना, कायको परेशान होतीस?' ह्यांचं हे एकच वाक्य आहे, लग्नापासून.

काळ्या झबल्याचं कापड आणायला मी सुलतान बाजारला गेले, तर रस्त्यावरच बोरांची गाडी उभी. गोल, लहान, गावठी. हात आपसूक गेला. जास्त नाही घेतली. घरी आल्यावर त्यांतली पाचच निवडून धुऊन पुसून डब्यात ठेवली. शास्त्रापुरती पाच. म्हटलं, चुरमुऱ्यांच्या तळाशी राहतील, डोक्यावरून जातील, रीत पुरी होईल. आणि लगेच उचलून घेईन मी. कुणाला कळायचंही नाही.

रविवारी दुपारी कार्यक्रम केला. दहा-बारा बायका, त्यांची पोरं, हळदीकुंकू, तिळगूळ. बाळ काळ्या झबल्यात असा गोड दिसत होता की माझीच दृष्ट लागेल म्हणून मी बघायची थांबले. सुनेनं दागिने हलव्याचे न करता कागदी फुलांचे केले होते, तेही शिवून पक्के. मी औक्षण केलं आणि पितळी माप त्याच्या डोक्यावर उपडं केलं. चुरमुऱ्यांबरोबर बोरं टपटप पडली. सूनबाई फोटो काढत होती, तिला दिसली नाहीत. पोरं झडप घालून पिशव्या उचलायला लागली, आणि मी गुडघे धरून खाली बसले आणि बोरं वेचली. एक सोफ्याखाली, दोन पाटाजवळ, एक एका पोरीच्या मुठीतून काढून घेतलं.

चार.

मी पुन्हा बघितलं. चुरमुऱ्यांत हात फिरवला, पाट उचलून बघितला. चारच. म्हटलं, खाल्लं असेल एखाद्या कार्ट्यानं. उठून उभी राहिले. बायका वाणासाठी खोळंबल्या होत्या, आणि सगळ्यांसमोर मी फरशीवर रांगत काय शोधतेय म्हणून सुनेनं विचारलं असतं. त्या विचारण्याची भीती मला त्या बोरापेक्षा जास्त वाटली. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

सून हळदीकुंकू लावत होती. बाळाला मी माझ्याजवळ सतरंजीवर बसवलं आणि वरच्या बाईंशी बोलत बसले. काय बोलत होते तेही आठवतं. आमच्यात करतात तशी तिळगुळाची वडी त्यांना जमत नाही, पाक पुढे जातो, असं त्या म्हणत होत्या आणि मी, शिकवायची जित्याची खोड, पाक कसा बघायचा ते सांगत होते. बाळ माझ्याकडे पाठ करून झबल्याच्या घेराशी खेळत होता. घेर कमरेशी चुणीदार शिवलेला होता. मीच शिवला होता. त्या चुण्यांत ते पाचवं अडकून बसलं असणार.

'बघा, किती शहाणा आहे,' मी बाईंना म्हणाले. 'मघापासून आवाज नाही.'

बाई बघत होत्या. त्यांचा चेहरा बदलला. 'अरे, बच्चे को देखो,' त्या म्हणाल्या.

मी त्याला वळवलं. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. ना खोकला, ना रडणं. डोळे माझ्यावर. ओठांभोवती निळसर झालं होतं. आणि मी काय केलं? हत्ती आठवला का? काही आठवलं नाही. मी तोंडात बोट घातलं. बोटाला ते लागलं, गुळगुळीत, गोल. मी ओढायला गेले आणि ते आत सरकलं. माझ्या बोटानं सरकलं. तेवढा स्पर्श अजून माझ्या बोटात आहे.

सुनेनं त्याला माझ्या मांडीवरून उचललं. तिळगुळाचं ताट पडलं त्याचा आवाज नंतर कानात शिरला. ती गुडघ्यावर बसली, त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि खांद्यांच्या मधे मारायला लागली. जोरात. इतक्या लहान पाठीवर इतक्या जोरात मारताना मी कुणाला पाहिलं नाही. ती मोजत होती, मोठ्यानं, शाळेतल्यासारखं. एक. दोन. तीन. चारला बोर बाहेर पडलं आणि सतरंजीवर घरंगळलं. क्षणभर काही नाही, आणि मग तो रडला. देवा रे, काय रडला! सगळ्या बायका एकदम श्वास घेऊन बोलायला लागल्या.

सुनेनं त्याला छातीशी धरलं आणि मग बोराकडे बघितलं. मग माझ्याकडे. एकदाच. तिला सगळं कळलं. पितळी माप अजून माझ्या बाजूला होतं.

'बोर कुठून आलं गं?' कुणीतरी विचारलं.

'कुठल्यातरी मुलाच्या खिशातून पडलं असेल,' ती म्हणाली. 'आमच्याकडे तर नव्हतीच बोरं.'

माझी लाज तिनं दहा-बारा बायकांसमोर झाकली. त्या वेळी मला काय वाटलं सांगू? सुटका वाटली. नातू आत्ता मरता मरता वाचला होता आणि मला वाटलं, बरं झालं, कुणाला कळलं नाही. मी अशी बाई आहे हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

डॉक्टरांनी तपासलं, छाती मोकळी होती, घरी पाठवलं. संध्याकाळी मी वाट बघत बसले. आता ती बोलेल. ओरडेल. ओरडू दे, मी ऐकून घेईन, पाया पडेन. माझ्या सासूबाई असत्या तर घर डोक्यावर घेतलं असतं. मुलगा रांगता असताना त्याच्या हाताला इस्त्रीचा चटका बसला होता, तर पुढे कित्येक वर्षं प्रत्येक सणाला त्यांनी आल्यागेल्याला तो हात दाखवला, आणि मी दर वेळी रात्री रडून मोकळी व्हायचे. पण मोकळी व्हायचे. सुनेनं मला तेवढंही दिलं नाही. तिनं बाळाला मऊ भात दिला, त्याची वाटी धुतली, आणि म्हणाली, 'आई, तुम्ही जेवून घ्या ना.'

मी म्हटलं, 'अगं, ते बोर...'

'झालं ते झालं, आई.'

आणि तिनं फ्रीजवरचा कागद काढला. चिकटपट्टीचे कोपरे नखानं सोडवून, फाटू न देता. घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मी बघत उभी राहिले. निकाल लागला होता.

बुधवारी ती गेली. फेब्रुवारीपासून बाळ पाळणाघरात जायला लागला. मुलानं फोनवर सांगितलं, 'आई, तुझ्या गुडघ्यांना त्रास नको, असं ती म्हणते.' त्याला खरं माहीत होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. हे मात्र चार-सहा दिवसांनी एकदा जेवताना म्हणाले, 'संक्रांतीपर्यंत चांगलं चाललं होतं.' बस्स. वाढलेलं ताट तसंच ठेवून मी उठले.

आता ते रविवारी येतात, दुपारपुरते. येताना सून त्याचा डबा आणते. त्यात सगळं आधीच कापलेलं, द्राक्षाचे उभे चार-चार तुकडे, काकडीच्या पातळ चकत्या. मी काही केलं तर 'वा, आई, मस्त झालंय' म्हणते आणि स्वतः खाते. बाळ चालायला लागलाय. 'बाय' म्हणतो, 'नो' म्हणतो. पाळणाघरात एक म्हातारी आया आहे, तिला तो 'अम्मम्मा' म्हणतो, तेलुगूत आजीला म्हणतात तसं. सुनेनं कौतुकानं सांगितलं, 'तिच्याकडून इतकं छान जेवतो!' मी म्हटलं, 'चांगलं आहे.' मला तो काहीच म्हणत नाही. माझ्याकडे बोट दाखवतो फक्त.

मी घरात कुणी नसताना त्या हत्तीसाठी खूप शोधाशोध केली. हत्ती बाळाबरोबरच गेला होता. मग उशी घेतली. उशीला हातावर पालथं घालून मी फटके मारले, पाच, खांद्यांच्या मधे असं समजून. रोज दुपारी, हे पेपर तोंडावर घेऊन झोपले की. आता मला येतं. झोपेतून उठवलं तरी करून दाखवीन.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. 'आई, उद्या पाळणाघर बंद आहे. नळाचं काहीतरी काम निघालंय. आम्हा दोघांनाही ऑफिसात जावंच लागेल असं दिसतंय. बाळाला तुमच्याकडे सोडू का? एकच दिवस.'

सात महिने मी याच फोनची वाट बघत होते. काय बोलायचं ते पाठ होतं. उकडलेल्या रताळ्यापासून सगळं पाठ होतं. तोंड उघडलं आणि बोटाच्या टोकाला ते लागलं. गुळगुळीत, गोल.

'उद्या नेमकं मला दिलसुखनगरला जायचंय गं,' मी म्हणाले. 'डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. कधीची वेळ घेतलीय.'

'हो का? काही हरकत नाही, आई,' ती म्हणाली. लगेच म्हणाली. श्वास सोडल्याचा आवाज मला इकडे स्पष्ट आला. 'मी टाकते सुट्टी. तुम्ही डोळ्यांचं बघा.'

फोन ठेवला तर हे पेपर खाली करून बघत होते. 'काय म्हणत होती? बाळाला आणतायत का?' त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला त्यांच्याकडे बघवेना.

'नाही,' मी म्हटलं. 'सहज केला होता.'